बाहेरचं घड्याळ

१

उन्हं कलली की आम्रपाली रबरी चेंडू घेऊन नवऱ्यासमोर बसायची. समाधानच्या उजव्या तळव्यावर चेंडू ठेवायचा, त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवायची आणि म्हणायचं, "अहो, दाबा." समाधान चेंडूकडे लोकांच्या पोराकडे पाहावं तसं पाहायचा. चेंडू घरंगळून सोफ्याखाली जायचा. ती वाकून काढायची, कमरेला हात लावायची आणि पुन्हा म्हणायची, "दाबा."

समाधानला आलेल्या झटक्याला डॉक्टरांनी 'सौम्य' म्हटलं होतं. या शब्दाचा आम्रपालीला भयंकर राग. सगळा जन्म बातमीदारीत काढल्यावर तिला एवढं कळत होतं, की सौम्य लाठीमारात डोकी फुटतात आणि सौम्य दरवाढीत चुली विझतात. या सौम्य झटक्यात समाधानचा उजवा हात गेला होता, चालणं काठीवर आलं होतं आणि बोलणं दोन-तीन शब्दांवर. हो. नको. ते. टेलिफोन खात्यात राबून ज्यानं लोकांच्या घराघरात बोलणं पोचवलं, त्याच्या वाट्याला एवढंच उरलं होतं.

एका संध्याकाळी त्यानं डाव्या हातानं चेंडू उचलून बाजूला ठेवला आणि कपाटाकडे बोट केलं.

"ते."

खालच्या खणात जुन्या वायरी, बंद पडलेलं मनगटी घड्याळ, कसल्या कसल्या किल्ल्या. त्यांच्या तळाशी एक सीडी निघाली. त्यावर मार्करनं समाधानच्याच अक्षरात लिहिलं होतं : हेलिकॉप्टर.

आम्रपालीला आठवलं. नव्वदीच्या अखेरीला टेबलावर पहिला संगणक आला, तेव्हा त्याचं सगळं ऑफिस जेवणाच्या सुट्टीत या खेळाभोवती गोळा व्हायचं. खाली तपकिरी सपाट रान, त्यात मुंगीएवढी माणसं हात हलवतायत, वर आपलं हेलिकॉप्टर. बाणांच्या कळांनी ते अलगद खाली आणायचं, एका जागी स्थिर धरायचं, दोरी सोडायची आणि माणूस वर ओढून घ्यायचा. बंदुका नाहीत, मारामारी नाही. उजव्या हाताची बोटं मात्र सतत नाचती ठेवावी लागायची.

"हे खेळायचंय?"

"हो," समाधान म्हणाला. झटक्यानंतर इतक्या जोरात त्यानं काहीच म्हटलं नव्हतं.

२

नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नव्हती. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह उसना आणला, तर पडद्यावर पाटी आली की हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही. इंटरनेटवरच्या हसऱ्या मंडळींनी सांगितलेले सगळे उपाय तिनं केले. विंडोजला जुन्या विंडोजचं सोंग घ्यायला लावलं, पडद्याचे रंग कमी केले. एका उपायासाठी एक फाइल उतरवून घ्या असं एक जण म्हणत होता. त्या माणसाला यातून काय मिळतं, असा प्रश्न तिला पडला आणि तिनं तो नाद सोडला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून तिनं बुधवार पेठ गाठली.

जयाबाईंचं दुकान जिन्याखाली होतं. सुट्या भागांतून संगणक जोडायचा धंदा जेव्हा जोरात होता, तेव्हापासून बाई तिथं बसत होत्या. त्यांनी सीडी उजेडात धरून पाहिली.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे चालेल म्हणून?"

"कोणी नाही. चालणार नाही असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. पण माझं घरीही कोणी ऐकत नाही. ठेवून जा, परवा या."

"ठेवणार नाही. माझ्यासमोर करा. यात माझी सगळी कागदपत्रं आहेत."

"मग बसा," जयाबाई म्हणाल्या. "चहा मिळणार नाही."

आम्रपाली बाईंच्या बोटांवर नजर ठेवून बसली. जयाबाईंनी लॅपटॉपच्या आत एक दुसरा, जुना संगणक बसवला. खरा नव्हे, सोंगाचा, पण त्याला स्वतःची जुनी विंडोज होती आणि स्वतःचं घड्याळ होतं. त्यात खेळ चढवला. तो सुरू झाला आणि लगेच म्हणाला, की नमुना प्रतीची मुदत संपली आहे.

"तरी म्हटलं," जयाबाई म्हणाल्या. "फुकटातली नमुना प्रत आहे ही. महिनाभर खेळायची, मग विकत घ्यायची. आपल्याकडे विकत कोण घेणार? सगळे तारीख मागं करायचे. त्या काळी अर्धं पुणं तारीख मागं करून कामं उरकत होतं."

त्यांनी आतल्या संगणकाची तारीख अठ्ठ्याण्णव सालात नेली. क्षणभरानं ती आपोआप आजच्या तारखेवर आली. त्यांनी पुन्हा नेली, ती पुन्हा आली.

"आतलं घड्याळ बाहेरच्यावरून चालतं. आतलं कितीही बदला, ते बाहेरच्याला विचारणार आणि त्याच्यासारखं होणार." त्यांनी कंटाळून नाक खाजवलं. "बाहेरचंच बदलून टाकू."

त्यांनी लॅपटॉपची खरी तारीख मागं केली. अठ्ठ्याण्णव साल, जानेवारी. पडद्यावर तपकिरी रान उघडलं.

"खेळून झालं की हे बटण दाबायचं. 'वेळ आपोआप'. म्हणजे तारीख जागेवर येते. विसरलात तर बँकेबिंकेचं काही चालणार नाही."

"आणखी काही होतं?"

"आणखी काय व्हायचंय?" जयाबाई म्हणाल्या.

३

धायरीतल्या त्यांच्या फ्लॅटला चौथ्या मजल्यावर एक बाल्कनी होती आणि तिला लागून छोटी खोली. टेबल तिथंच होतं. समाधान डाव्या हातानं उजवा हात उचलून कळांवर ठेवायचा आणि खेळ सुरू करायचा. पहिले काही दिवस हेलिकॉप्टर धाडकन जमिनीवर आपटत राहिलं. आम्रपाली स्वयंपाकघरातून आपटण्याचे आवाज ऐकायची आणि दात आवळून पोळ्या लाटायची.

मग एकदा आपटण्याचा आवाज आला नाही. ती पिठाच्या हातानं बाहेर आली. हेलिकॉप्टर हवेत लटकून होतं. समाधानचं उजवं मधलं बोट खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. आपलं आपण.

ती मागं वळली. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून थोडा वेळ उभी राहिली.

तो आवाज पहिल्यांदा तिथंच ऐकू आला. कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. लांबवर, थांबून थांबून. मधेच माणसाच्या गळ्यातून निघालेली लांब हाळी. शब्द नव्हते तिच्यात.

"खेळात असा आवाज आहे?" तिनं विचारलं.

"नको," समाधान म्हणाला. नाही म्हणायचं असलं की तो नको म्हणायचा.

तिनं लॅपटॉपचा आवाज बंद केला. डबा वाजतच होता. बाल्कनीतून पाहिलं तर रोजचंच होतं. खाली पार्किंग, पलीकडे दुसऱ्या सोसायटीचं पार्किंग, पाण्याचा टँकर, त्याच्याशी भांडणारा चेअरमन. यात कुणी डबा बडवत असेल, तर तो टँकरवालाच असणार.

पण आम्रपाली पडताळल्याशिवाय काही मानत नसे. पुढचे काही दिवस तिनं तपासून पाहिलं. खेळ बंद केला, तारीख मागं ठेवली : डबा वाजला. 'वेळ आपोआप'चं बटण दाबलं : आवाज सुरी फिरवल्यासारखा तुटला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

हा निष्कर्ष तिला मुळीच आवडला नाही. दोन गोष्टी शेजारी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे तिनं कित्येक शिकाऊ बातमीदारांच्या डोक्यात ठोकून घातलं होतं. तिनं जयाबाईंना फोन लावला आणि सरळ विचारलं, की तुम्ही माझ्या लॅपटॉपमध्ये आणखी काय घातलंय.

"माझं आयुष्य," जयाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

४

मग दगड आले.

पहिला बाल्कनीतल्या कुंडीवर बसला आणि कुंडी चिरली. लिंबाएवढा, गोल, एका अंगाला ओली काळी माती. दुसरा ग्रिलवर आपटून परत गेला. तिसरा टेबलापर्यंत आला. समाधान तसाच खेळत बसला होता. कानाजवळून माशी गेल्यासारखी त्यानं मान किंचित हलवली, एवढंच.

आम्रपालीनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की चौथ्या मजल्यावर दगड मारले जात आहेत, घरात आजारी माणूस आहे, संबंधितांवर कारवाई झाली नाही तर ती करून घ्यायचे मार्ग मला ठाऊक आहेत. चेअरमनचं उत्तर आलं : 'मॅडम, चौथ्या मजल्यापर्यंत इतका अचूक दगड मारणारा आपल्या सोसायटीत कुणी असेल, तर आधी त्याचा सत्कार करू.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

तिनं खाली जाऊन वॉचमनकडून कॅमेऱ्याचं चित्रण मागून घेतलं. ती वेळ, ती बाजू. पार्किंगमध्ये एक मांजर गाडीखालून निघून दुसऱ्या गाडीखाली गेलं. बाकी कुणीही आलं नाही, कुणी हात उचलला नाही.

तिनं दगड पुन्हा निरखला. माती अजून ओली होती. धायरीत काळी माती तिनं कैक वर्षांत पाहिली नव्हती. जिथं बघावं तिथं काँक्रीट, नाहीतर काँक्रीटची वाट बघणारा मुरूम.

तारीख मागं करायचं बंद करावं, असं तिच्या मनात आलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी समाधानची बोटं दाबून पाहिली, त्याला शर्टाचं बटण लावायला सांगितलं आणि त्यानं ते उजव्या हातानं लावलं. डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले, "जे काही करताय ना, ते चालू ठेवा."

ती घरी आली. टेबल भिंतीच्या आडोशाला सरकवलं, बाल्कनीच्या ग्रिलला जाड पडदा लावला आणि ते चालू ठेवलं.

५

पडदा लावल्यावर दगड थांबले. त्याऐवजी हाक आली.

ती मेथी निवडत होती. खालून, अगदी स्पष्ट, एका पुरुषाचा आवाज.

"कोण हाय रं वर?"

कुणी कुणाला बोलावत असेल म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. पुन्हा आला. "ए, कोण हाय?" त्यात राग नव्हता. आपल्या हद्दीत अनोळखी माणूस दिसला की शेतकरी विचारतो, तसं विचारणं.

आणि खोलीतून समाधान म्हणाला, "मी आहे."

मेथीची जुडी तिच्या हातातून सुटली. झटक्यानंतर दोन शब्द जोडून तो पहिल्यांदाच बोलला होता. ती धावत गेली. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. पण तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पडदा त्यानं एका बाजूला सारला होता आणि तो बाहेरच्या संधिप्रकाशात खाली बघत होता.

"कोणाशी बोलताय?"

"ते," समाधान म्हणाला.

तिनं खाली वाकून पाहिलं. पार्किंग, गाड्या, सायकल फिरवणारी मुलं. "तिथं कोणी नाहीये," ती म्हणाली, आणि आपला आवाज पत्रकार परिषदेतल्या एखाद्या प्रवक्त्यासारखा आल्याचं तिला जाणवलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी खोलीतून बोलण्याचा आवाज येई. समाधानचा. 'पाणी आहे का', 'थंडी फार', 'पाखरं गेली'. शब्द परत येत होते, एकेक करून, वाट चुकलेल्या गुरांसारखे. तिच्याशी मात्र तो अजूनही हो आणि नकोवरच होता. आपण कुणाचा मत्सर करतोय हे तिला सांगता आलं नसतं, पण मत्सर होता.

पलीकडून येणारी उत्तरं तिला नीट ऐकू येत नसत. तिनं ती ऐकायचा प्रयत्नही केला नाही. हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

६

शेवटी एका संध्याकाळी एक दगड रुमालात बांधून ती खाली उतरली. पार्किंगमध्ये कोंडीराम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. ही सोसायटी उभी राहिली ती जमीन त्याची. बिल्डरकडून त्याला फ्लॅट मिळाले होते, गळ्यात साखळी होती, शेजारी पांढरी मोठी गाडी होती आणि करायला काही नव्हतं. आम्रपाली पहिल्यांदा भेटली तेव्हा त्यानं विचारलं होतं, "पूर्ण नाव काय म्हणलात?" असं विचारणारी माणसं तिला जन्मापासून ठाऊक होती. "आम्रपाली. एवढ्यावर भागतं," असं ती म्हणाली होती. तेव्हापासून दोघांत नमस्कारापलीकडे काही नव्हतं.

तिनं रुमाल उघडला. "हे काय आहे?"

कोंडीरामनं दगड तळव्यावर फिरवला. अंगठ्यानं माती चाचपली. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"गोफणीचा हाय. कुठं गावला?"

"इथं गोफण कोण चालवतं?"

"आता कोण चालवील? पाखरं न्हाईत का पीक न्हाई." त्यानं गाड्यांच्या रांगांकडे हात केला. "हितं ज्वारी व्हती आमची. हे सगळं सपाट रान. माझा थोरला भाऊ, हिंदुराव, रानात बांधलेल्या माळ्यावर बसून राखण करायचा. डबा वाजवायचा, गोफण मारायचा. एका साली येऊन म्हणला, रानात वर उजेड लटकतोय. निळा. ना खांब, ना झाड, नुसता अधांतरी. आम्ही हसलो. त्यानं आधी दगुड मारले त्याला. मग बोलायला लागला त्याच्यासंगं."

"कोणत्या साली?"

"अठ्ठ्याण्णव असंल. संक्रांतीच्या आसपास. म्हणायचा, वर माणूसच हाय. चांगला हाय. मला बोलावतोय. आईनं देवऋषी केला, काय फरक न्हाई. एक दिवस सांजचा जेवायला आला न्हाई, तर बघायला गेलो." कोंडीरामनं दगड खुर्चीखाली ठेवला. "ज्वारीत पडला व्हता. हाडन् हाड मोडल्यालं. डाक्टर म्हणला, लई उंचावरनं पडलाय. आता कुठली उंची, म्याडम? माळा छातीएवढा."

आम्रपालीला क्षणभर ते खरं वाटलं, आणि ते जाणवताच तिला राग आला. लोक तिच्यापुढे गोष्टी रचतात हे तिला नवं नव्हतं. भुताच्या गोष्टीमागं नेहमी एक माणूस असतो आणि त्या माणसाचा काहीतरी लाभ असतो. अशी कितीतरी भुतं तिनं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर उघडी पाडली होती.

"जमीन वडिलांची होती?"

"व्हय."

"दोघं भाऊ. वाटणी झाली नव्हती. हिंदुरावांच्या मागं जमीन कोणाच्या नावावर झाली?"

कोंडीरामनं गळ्यातली साखळी चाचपली.

"साधा प्रश्न आहे," आम्रपाली म्हणाली.

"माझ्या," तो म्हणाला. "पोलिसांनी ह्येच विचारलं. गावानं ह्येच विचारलं. बापानं मरंस्तोवर माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई."

"मग त्यांना काहीतरी कळलं असेल," ती म्हणाली आणि लिफ्टकडे वळली. बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटत होतं. पायाखाली जमीन लागली होती. एक सडका माणूस, एक जुना खून, घाबरवायला चारदोन दगड, आणि त्याच्या माणसांपैकी कुणीतरी खालून हाका मारतंय. सगळं जागच्या जागी बसत होतं. कशासाठी, ते उद्या शोधता येईल.

७

दार उघडलं तेव्हा घरात अंधार होता. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती तिनं जाताना लावली होती, ती विझली होती. बाल्कनीच्या बाजूनं वारा येत होता आणि त्या वाऱ्याला हिरव्या ज्वारीचा वास होता.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर हेलिकॉप्टर हवेत स्थिर होतं. दोरी खाली सोडलेली होती. खुर्ची रिकामी.

समाधान बाल्कनीत उभा होता. कुंड्यांना पाणी घालायचं ग्रिलमधलं छोटं दार सताड उघडं होतं. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्यानं सोडवून त्या दारातून बाहेर टाकली होती आणि दोन्ही हातांनी धरली होती. दोन्ही. उजव्या मनगटावरच्या शिरा तटतटल्या होत्या.

दोरी ताठ होती.

"अहो," ती म्हणाली. "काय करताय?"

"धर," समाधान म्हणाला.

बाहेर दिवे नव्हते. पार्किंगचे नाहीत, समोरच्या सोसायटीचे नाहीत, हायवेचे नाहीत. वीज गेली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. वीज गेली तरी गाड्यांचे दिवे जात नाहीत, असं तिनंच स्वतःला उत्तर दिलं. डोळ्यांपुढे एकसंध करडा पसारा होता आणि तो वाऱ्यावर एका दिशेनं लवत होता.

तिनं दोरी धरली. तिला वजन लागलं. मेलेलं वजन नव्हतं ते. हिसका, विसावा, हिसका, विसावा. कुणीतरी हातावर हात टाकत चढत होतं.

समाधानची चप्पल फरशीवरून पुढं घसरली. त्याचा गुडघा कठड्याला टेकला. डोकं आणि एक खांदा ग्रिलच्या दाराबाहेर गेला होता. त्याचे पाय अजून धड नव्हते. घरातल्या घरात तो काठी घेऊन चालायचा.

"सोडा," ती म्हणाली. "सोडा ती."

"नको."

ती त्याच्या खांद्यावरून वाकली. खाली, फार खाली नाही, गुंडाळलेलं मुंडासं दिसलं. त्याखाली कपाळ वर होत होतं. चेहरा दिसायच्या आत तिनं नजर काढून घेतली. ज्याचं नावगाव माहीत नाही अशा माणसाला तिनं आजवर उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

"कोण आहे?" ती ओरडली.

"मी हाय," आवाज आला. इतका जवळून, की दमलेला श्वासही ऐकू आला. "धरा नीट."

पुढचा हिसका बसला आणि समाधान कमरेपर्यंत बाहेर गेला. तिनं दोरी सोडली. एका हातानं त्याचा शर्ट धरला, दुसरा हात मागं ताणला. टेबल तिनंच भिंतीच्या आडोशाला सरकवलं होतं. हात पोचेना. तिनं शर्ट सोडला. दोन पावलं टाकली, लॅपटॉप उराशी धरला आणि 'वेळ आपोआप' दाबलं.

समाधान मागं कोसळला, वॉशिंग मशिनवर आपटून खाली बसला. पार्किंगचे दिवे लागलेले होते. कुणीतरी स्कूटर मागं घेत होतं. वर कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली.

पडल्याचा आवाज आला नाही. ती वाट बघत उभी राहिली, तरी आला नाही.

मग तिनं दोरी वर ओढून घेतली. ती हलकी होती, आणि खालचा काही भाग कोमट होता. माणसाच्या मुठीतून आत्ताच सुटलेल्या वस्तूसारखा.

समाधान फरशीवर बसून तिच्याकडे बघत होता. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता.

"अर्ध्यावर होता," तो म्हणाला. झटक्यानंतर तिच्याशी तो बोललेलं पहिलं वाक्य.

८

दुसऱ्या दिवशी तिनं चेंडू काढला. बोटं मिटवली. चेंडू सोफ्याखाली गेला. समाधाननं काही म्हटलं नाही, हो नाही आणि नकोही नाही. त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. त्या नजरेत मागणं होतं, पण काय मागतोय हे तिनं विचारलं नाही. सीडी ती सकाळीच कात्रीनं कापून कचऱ्यात टाकून आली होती. लॅपटॉपच्या आतला तो जुना संगणक मात्र पुसायचा तिला धीर झाला नव्हता. तो पुसला तर कोण कुठं अडकून राहील, हे कोणाला विचारणार?

उन्हं कलल्यावर ती खाली उतरली. कोंडीराम आपल्या खुर्चीवर होता. तिला पाहून तो उठायला लागला. रात्रभर त्याला झोप आलेली नव्हती हे उघड दिसत होतं.

"बसा," ती म्हणाली. "मी काल बोलले ते चुकीचं होतं."

तो अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"तुम्ही भावाला मारलं नाही. तो उंचावरूनच पडला. तुम्ही खरं सांगत होतात."

एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी कोंडीराम थांबला होता, ते ऐकून त्याचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यानं तिच्याकडे नीट, सावकाश पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या हातांकडे. डाव्या तळव्यावर दोरीचा लाल वळ होता. तिनं मूठ मिटली.

कोंडीराम पुन्हा बसला. शेजारची रिकामी खुर्ची त्यानं पायानं तिच्याकडे सरकवली.

"मी खरं बोलतोय त्ये मला म्हाईत हाय, म्याडम," तो म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं, त्ये सांगा."